परराज्यांत वकील कोणाला धाडावें?



ज्या पुढाऱ्याला लोक नांवें ठेवतात, त्याला राजदूत करावें काय, असें आपण विचारलेंत. आपल्या शेजारच्या पुसदचीच गोष्ट घ्या. तेथें १९३० सालीं बापूजी अणे यांनीं सरकारी रानांतलें गवत कापून तुरुंग पत्करला. तेच अणे १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत बसले! फेब्रुवारी १९४३ मध्यें गांधीजींच्या उपवासाच्या वेळीं त्यांनीं ती जागा सोडली, आणि त्याच वर्षीं त्याच सरकारचे प्रतिनिधी होऊन सिलोनास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, गेले.

अणे टिळकांचे अनुयायी; आमची वाट निराळी. तरी आम्ही होय म्हणतों. सोयरिकीच्या बोलणीला आपण असाच गडी धाडतों, जो प्रसंगीं भरल्या ताटावरून उठेल.

पण चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या ज्या तामीळ मजुरांसाठीं बोलावयाचें, त्यांनीं हा वकील निवडला नव्हता, दिल्लीनें निवडला. अणे १९४७ पर्यंत तेथें होते. १९४८ सालीं सिलोनच्या कायद्यानें त्या मजुरांपैकीं बहुतेकांना नागरिकत्व नाकारलें. हा दोष एकट्या अण्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. मळ्यांतली बाई मात्र पानें खुडीतच राहिली. ना ती सिलोनची, ना हिंदुस्थानची.