पुन्हा तीन मिनिटे



गौहर जान १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गायिल्या, तेव्हा तबकडीची एक बाजू जेमतेम दोन-तीन मिनिटांची होती. तासभर फुलणारा ख्याल तीत बसवायचा म्हणजे आलाप आखडता घेऊन बंदिश आणि ताना पुढे आणणे भागच होते. आपल्या गोमंतकाच्या केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच.

एल.पी. आणि कॅसेट यांनी ही अट सैल केली. २००५ साली यूट्यूब आले. पुढे तेथील लांबीचे निर्बंधही उठत गेले आणि कंपनीचे दार न ठोठावता गायकाला संपूर्ण मैफल जगापुढे ठेवता येऊ लागली. प्रसिद्धीचे गणित मात्र निराळे. २०२० साली भारतात तेथे ‘शॉर्ट्स’ आल्या, प्रथम पंधरा सेकंदांच्या, मग मिनिटभराच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मर्यादा वाढवून किती केली? तीन मिनिटे!

तरुण गायक तानेचा चपळ तुकडा तेथे ठेवून श्रोत्याला मैफलीकडे बोलावतात, यात गैर काही नाही. परंतु तान तुकड्यात मावते, विलंबिताची बढत मावत नाही. आणि जे मावत नाही त्याचा रियाज हळूहळू मागे पडतो, ही माझी चिंता आहे.

म्हणून विनंती अशी की, ग्रंथालयाने दरवर्षी एका नवोदिताची तासाभराची बैठक भरवावी आणि ती अखंड चित्रित करून यूट्यूबवर ठेवावी. खाली राग, ताल आणि साथीदारांची नावे अवश्य लिहावीत. गौहर जान तबकडीच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. तबलजीचे नाव आजही पुष्कळ चित्रफितींत शोधूनही सापडत नाही.