चालता तांडा, थांबलेला तांडा



यवतमाळ जिल्ह्यात ‘तांडा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वस्ती येते. पूर्वी मात्र हा शब्द चालत्या काफिल्याचा होता. पाठीवर गोणी लादलेले शेकडो बैल, त्यांच्यासोबत नायक आणि सारी कुटुंबे, असा बंजाऱ्यांचा तांडा वऱ्हाडच्या काळ्या रानातून मीठ व धान्य वाहून नेई. या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत. पक्क्या सडका नव्हत्या, तेव्हा मोगल फौजांनाही याच बैलांनी रसद पुरविली.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि लदेणी मोडू लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर संशयाचा शिक्का मारला. तो पुसण्यास १९५२ साल उजाडले. दरम्यान तांडे शेतीत स्थिरावत गेले. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते.

काफिला चारापाणी पाहून गावाबाहेर उतरे. पुढे वस्तीही गावापासून दूरच झाली. म्हणूनच रस्ता, नळ आणि शाळा तिथे बहुधा उशिरा पोहोचतात. घरी गोरबोली बोलणारे मूल वर्गात गप्प राहिले, तर शिक्षकांनी त्याला मंद समजू नये. पंचायत सदस्यांनी आराखड्यात तांड्याचा जोडरस्ता शेवटी ढकलू नये. सडका नसताना ज्यांनी मुलखाला धान्य पोहोचविले, त्यांच्या दारापर्यंत सडक नेणे हे आपल्यावरचे जुने देणे आहे.