बिलातली एक ओळ
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणावरून)



मी डिप्लोमा झालेला रेल्वे इंजिनिअर, आणि राहतो मात्र कोवलमला, जिथे रेल्वे येतच नाही! भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या बैठकीत सूचना आली की, पुढच्या वर्षापासून उत्सवाची वर्गणी सोसायटीच्या मेंटेनन्स बिलातच लावावी. दारोदार फिरणे वाचेल, कुणी चुकणार नाही. कार्यकर्त्यांची दमछाक मीही पाहतो. पण ते ऐकताना मला मुंबईचे लाइट बिल आठवले.

अमेरिकेत कित्येक शहरे वीज आणि गॅस कंपन्यांकडून रस्ते वापरल्याबद्दल फी घेतात आणि कंपन्या ती ग्राहकाच्या बिलात लावतात. आपल्याकडे त्याच्या जवळचे उदाहरण म्हणजे बेस्ट. ही कंपनी १९०५ ची. १९०७ मध्ये तिने विजेची ट्राम चालवली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे आली. वीज आणि बस एकाच घरात, तेव्हा बसची तूट विजेच्या पैशांतून भरली जाई. २००३ च्या वीज कायद्याने वीज वाटणाऱ्यांना विजेच्या जिवावर दुसरा धंदा पोसायला मनाई केली, पण आधीपासून वीज पुरवणाऱ्या स्थानिक संस्थांना त्यातून वगळले. त्यामुळे वाहतुकीची तूट वीजग्राहकांकडून वसूल होत राहिली.

यात वाईट काय? बस शहराचीच ना? खरे आहे. आम्हा रेल्वेवाल्यांना हे नवे नाही. मालगाडीच्या कमाईवर प्रवासी गाडी चालते. पण बेस्टची वीज कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतच, आणि बस थेट दहिसर-मुलुंडपर्यंत. परळचे माझे मामा कामावर चालत जात, तरी बसच्या तुटीत त्यांचा वाटा. अंधेरीचा मावसभाऊ रोज बसने फिरे. त्याचे लाइट बिल दुसऱ्या कंपनीचे, त्याला काहीच नाही. दिवाळीला दोघे भेटले की यावरून जुंपायची.

२०१६ च्या सुमारास ही वसुली थांबली. तूट मात्र थांबली नाही. महापालिकेला हात द्यावा लागला. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपये केले, ते मे २०२५ मध्ये दहा झाले. म्हणजे ओझे बिलावरून तिजोरीवर गेले आणि तिथून तिकिटावर. कुणी ना कुणी भरणारच. पण तिकिटाचे दहा रुपये निदान देणाऱ्याला कळतात.

आता आपले बघा. मेंटेनन्स भरतो मालक, आणि आरतीला टाळ्या वाजवणारे निम्मे लोक भाडेकरू. काही मालक तर परदेशात. त्यांच्याकडून न विचारता घ्यायचे आणि इथे राहणाऱ्यांना विचारायचेच नाही, हे मला पटत नाही. शिवाय कुणी देणार नसेल, तर त्याचे कारण दारात उभे राहिल्यावरच समजते. गेल्या वर्षी एका आजोबांनी लाउडस्पीकरवरून आम्हाला चांगले सुनावले आणि मग दुप्पट वर्गणी दिली!

बिलात लावायचीच ठरली, तर वेगळी ओळ हवी, रक्कम स्पष्ट हवी आणि ज्याला नको त्याला ती खोडता आली पाहिजे. नाहीतर पावतीपुस्तकच बरे. आमच्या विंगचे चारही मजले माझ्याकडे द्या, मी फिरतो.

गणपती बाप्पा मोरया!