शंभरातून पस्तीस वजा: तिसरीच्या वर्गातले माझे दिवस

(धुळे येथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत एका छात्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला ‘मुस्लिम मुली आणि शिक्षण’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे अजून सगळे त्याला डी.एड.च म्हणतात. मी ज्या एका वर्गात शिकवलं, त्या तिसरीच्या वर्गाबद्दल बोलते. शाळेचं आणि मुलांचं नाव सांगणार नाही. त्या वर्गात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर तुमच्या काही उपयोगाची होईल, असं वाटतं.

आमच्या अभ्यासक्रमात शाळेत जाऊन शिकवण्याचा काळ असतो. कागदावर त्याला आंतरवासिता म्हणतात. आदल्या रात्री पाठ टाचण लिहायचं, उद्दिष्टं, साहित्य, फलक लेखन असे सगळे रकाने भरायचे, सकाळी सही घ्यायची आणि वर्गात उभं राहायचं. टाचणात मी लिहायची, ‘विद्यार्थी उत्तर देतील.’ विद्यार्थी उत्तर देत नाहीत तेव्हा काय करायचं, याचा रकाना टाचणात नसतो.

शाळा मराठी माध्यमाची. पटावर ३२ मुलं. धुळ्याचा वर्ग कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. काही मुलं घरी अहिराणी बोलणारी. काही आपल्यासारखी, उर्दू आणि हिंदीची मिसळ बोलणारी. काही साक्री-शिरपूरकडून कामासाठी शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबांतली, त्यांची भिली किंवा पावरी. पुस्तकातली मराठी घरी बोलणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी दर पाच मिनिटांनी विचारायची, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “होऽऽ!” मला वाटायचं, माझा पाठ छान चाललाय.

एक दिवस वजाबाकी होती. फळ्यावर लिहिलं, १०० - ३५. मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. ती आपल्याच समाजातली, पण हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. ती फळ्याजवळ आली आणि उत्तर लिहिलं, १३५.

वर्ग हसला. मीही थोडी हसले, खोटं कशाला बोलू? शंभरातून काही काढलं तर ते शंभरापेक्षा जास्त कसं होईल, असं मी तिला विचारलं. ती खाली बघत उभी राहिली. मी तिच्या वहीत लाल पेनाने लिहिलं, ‘गणितात कच्ची आहे. घरी सराव घ्यावा.’ खाली लिहिलं, ‘पालकांची सही आणावी.’ दोन दिवसांनी सही आली. मी बरोबरची खूण केली आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी अम्मीबरोबर पाच कंदीलच्या बाजारात गेले होते. एका केळ्यांच्या हातगाडीजवळ थांबलो. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने एक डझन केळी घेतली, ३५ रुपयांची. त्याने शंभराची नोट दिली. गाडीमागे उभी असलेली मुलगी पैसे परत देत होती आणि तोंडाने म्हणत होती, “पैंतीस और पाँच चालीस, और दस पचास, और पचास सौ.” पाचाचं नाणं, दहाची नोट, पन्नासची नोट. पासष्ट रुपये, एक रुपयाची चूक नाही, विचार करायला क्षणभरही थांबली नाही.

ती माझ्या वर्गातलीच मुलगी होती. शंभरातून पस्तीस, तेच गणित.

मला बघताच ती वडिलांच्या मागे लपली. वडिलांनी ओळखलं. “सलाम मॅडम,” म्हणाले. मग जरा हळू आवाजात विचारलं, “मॅडम, इसका दिमाग थोडा कम है क्या? आपने कापी में लिखके भेजा था ना.” त्यांना मराठी वाचता येत नाही. “बाजूवाले लडके से पढवाया मैंने,” म्हणाले. मग म्हणाले, “चौथी हुई के बस करता हूँ. माँ को हाथ हो जाएगा.”

मी लिहिलं होतं, ‘गणितात कच्ची’. शेजारच्या मुलाच्या तोंडून घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘दिमाग कम’ झालं होतं. आणि त्यावरून एका मुलीची शाळा चौथीत थांबवायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली, ते सांगते. मीही एकदा अशीच उभी राहिले होते. चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत होते. पाचवीला मराठी शाळेत आले. गणितात मी चांगली होते, पण पहिल्याच आठवड्यात सरांनी ‘वजाबाकी कर’ म्हटलं आणि मी गप्प. मला ‘तफ़रीक़’ येत होती, ‘वजाबाकी’ हा शब्दच माहीत नव्हता. सरांना वाटलं, हिला काही येत नाही. शेजारच्या मुलीच्या पाटीवर बघून कळलं, अरे, हे तर तेच आहे!

गंमत अशी की ‘वजा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द मुळात अरबी. पगारातून पैसे ‘वज़ा’ केले, असं आपल्या घरात म्हणतातच. माझ्याच घरातला शब्द शाळेच्या दारात मला परका वाटला. हजर, गैरहजर, तारीख, कागद, शाई, दाखला, रजा, नकाशा, हुशार, शाबास. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. आपल्या मुलांना वर्गात कुणी तरी हे दाखवून द्यायला हवं. मी उर्दूतून मराठीत आलेली मुलगी, हे काम माझं होतं. मी मात्र लाल पेन काढलं.

मग मी त्या १३५ कडे परत बघितलं. ती चूक कुठून आली? तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं होतं. शून्य आणि पाच, उत्तर पाच. शून्य आणि तीन, उत्तर तीन. एक तसाच खाली. म्हणजे तिने अंदाजाने काहीतरी लिहिलं नव्हतं, तिच्याजवळ एक नियम होता. नियम चुकीचा होता, पण तो तिने नीट वापरला होता. अशी चूक लहान मुलं सर्रास करतात. ती ओळखायला आम्हाला शिकवलेलंही होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलं असतं. वर्गात मला ते दिसलं नाही.

सोमवारी मी टाचण बाजूला ठेवलं आणि वर्गात दुकान मांडलं. पुठ्ठ्याच्या नोटा केल्या, शंभराच्या, दहाच्या, आणि एक रुपयाची नाणी. त्या मुलीला विचारलं, “तुझ्याजवळ शंभराची एकच नोट आहे. मला पस्तीस दे.” ती म्हणाली, “छुट्टे नहीं है.” “मग काय करशील?” “बाजूवाले से लाऊँगी.” तिने शंभराची नोट देऊन दहाच्या दहा नोटा आणल्या. त्यातली एक मोडून एकाची दहा नाणी आणली. तीन नोटा आणि पाच नाणी मला दिली. तिच्यापुढे सहा नोटा आणि पाच नाणी उरली.

मी ते जसंच्या तसं फळ्यावर मांडलं. शतक मोडलं, दहा दशक झाले. एक दशक सुटा केला, दहा एकक झाले. पुस्तकात ‘दशक सुटा करणे’ असंच लिहिलेलं असतं. आपण बाजारात ‘सुट्टे’ म्हणतो, ती ‘छुट्टे’ म्हणते. ती फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ये तो छुट्टे का हिसाब है!” त्या दिवशी वर्गाने तिचा आवाज ऐकला.

आता, एका दिवसात सगळं जमलं असं नाही. नोटा हातात असल्या की येतं, नोटा काढून घेतल्या की पुन्हा १३५. असं तीन आठवडे चाललं. मी वाचायला लागले तेव्हा कळलं की हे जगभर दिसतं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांवर केलेला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाडीवर त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर यायची. त्याच प्रकारची गणितं कागदावर आकड्यांत दिली की जेमतेम ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुलं तोंडी व्यवहार पटकन करतात आणि शाळेतल्या साध्या गणिताला अडतात. शाळेतल्या मुलांचं उलट, पुस्तकातलं येतं आणि बाजारातलं अडतं. म्हणजे ‘आमची मुलं व्यवहारात हुशार आहेत’ म्हणून समाधान मानून चालणार नाही. गाडीवरून वहीवर आपोआप कोणी जात नाही. हात धरून न्यावं लागतं, आणि ते शिक्षकाचं काम आहे.

भाषेचंही तसंच. आपण २५ ला ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी. लहान मूल ५२ लिहितं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढे विनोद झाले! विधानसभेतही ते गाजलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांचे हे शब्द मुलांना जड जातात. माझ्या वर्गात ४९ ला कोणी ‘एकोणपन्नास’ म्हणायचं, कोणी ‘उनचास’. दोन्हींचा अर्थ पन्नासला एक कमी. मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले आणि विचारलं, यात सारखं काय? अहिराणी बोलणाऱ्या एका मुलाने सगळ्यात आधी हात वर केला.

मी ‘समजलं का?’ विचारणं बंद केलं. सांगितलं, ज्याला समजलं नाही त्याने आपल्या घरच्या भाषेत सांगायचं. पहिले काही दिवस शांतता. मग एक मुलगा उठून म्हणाला, “माले समजनं नही.” मागून आवाज आला, “मेरेकू भी.” निरीक्षणाला बसलेल्या मॅडमनी माझ्या वहीत काय लिहिलं असेल, याची मला भीती वाटली. त्यांनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थी प्रश्न विचारतात.’

काही जण मला विचारतात, मुस्लिम असून तू मराठी शाळेत का शिकवतेस? शाळेत एका मुलाने नेमकं उलट विचारलं, “मॅडम, तुम्ही मुस्लिम आहात, मग तुम्हाला मराठी कसं येतं?” दोघांनाही माझं उत्तर एकच. ही माझीही भाषा आहे. आपलं मूल उर्दू शाळेत घालायचं की मराठी, हे ज्या त्या घराने ठरवावं. मातृभाषेतून शिकण्याचा आग्रह शिक्षण हक्क कायद्यातही आहे, आणि उर्दू शाळेने मला चार वर्षं भक्कम पाया दिला. पण शहरातल्या मराठी शाळांत आपली शेकडो मुलं बसतात. त्यांची घरची भाषा समजणारं कोणीतरी फळ्याजवळ असायला हवं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी. वाट लांब आहे आणि नोकरीची हमी नाही, हे मी लपवणार नाही. तरी बारावीनंतर काय, असं जे विचारतात, त्यांनी या वाटेचाही विचार करावा.

आपल्या कार्यक्रमांत फातिमा शेख यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. त्यांच्याबद्दल आपल्या हाती असलेला एक महत्त्वाचा आधार म्हणजे सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं पत्र. त्यात फातिमाचा उल्लेख आहे, तोही एका वाक्यापुरता. एका शिक्षिकेने दुसरीबद्दल काळजीने लिहिलेलं एक वाक्य दीडशेहून अधिक वर्षांनीही तिच्या बाजूने उभं आहे. आणि मी लाल पेनाने लिहिलेलं एक वाक्य एका मुलीला शाळेतून बाहेर काढायला निघालं होतं. शिक्षक काय लिहितो, याला एवढं वजन असतं. आता मी वहीत मुलाला काय येतं ते आधी लिहिते, काय राहिलंय ते नंतर.

शेवटचं सांगते. त्या हातगाडीवाल्या भाईंना मराठी वाचून दाखवणारा तो ‘बाजूवाला लडका’ आठवतो ना? इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी आपापल्या मोहल्ल्यात तेच काम करतात. शाळेची चिठ्ठी, वहीतला शेरा, दाखल्याचा अर्ज, सगळं तुमच्याकडून वाचून घेतात. म्हणून विनंती आहे. वाचताना जे लिहिलंय तेवढंच सांगा. ‘कच्ची’चा अर्थ ‘अजून शिकायचं राहिलंय’ एवढाच सांगा. जमलं तर त्या बापाबरोबर एक दिवस शाळेत जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. आपल्या मोहल्ल्यातल्या किती आया त्या समितीत आहेत, एवढं तरी विचारून या.

मी वडिलांना नंतर दोनदा भेटले. तिची वही दाखवली, तिनेच त्यांच्यासमोर १०० - ३५ मांडून दाखवलं. हातच्याची वजाबाकी आता तिला येते, तीन अंकी असली की अजून अडखळते. पाचवीत पाठवणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “देखेंगे, मॅडम.” आधी ते ‘बस करता हूँ’ म्हणत होते. माझा त्या शाळेतला काळ पुढच्या महिन्यात संपतोय. हातगाडी मात्र रोज तिथेच असते. तुमच्यापैकी कोणी पाच कंदीलकडे गेलं, तर केळी घ्या आणि त्यांना विचारा, मुलगी शाळेत जाते ना?