गोणीतल्या बिया आणि उद्याची झाडं



वनशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही आज बाहेर पडताय, म्हणून एका झाडाची गोष्ट सांगतो. ॲमेझॉनमधल्या ब्राझील नटची.

उंची 50 मीटरपर्यंत. फळ नारळाएवढं, लाकडासारखं टणक, आत 10 ते 25 बिया. ते पिकायला वर्षाहून जास्त काळ लागतो. फुलाचं झाकण उचलायची ताकद फक्त मोठ्या मधमाश्यांत, आणि त्यांना राहायला जंगल लागतं. फळाचं कवच कुरतडतो अगूती नावाचा उंदीरवर्गीय प्राणी. तो काही बिया खातो, काही पुरून ठेवतो आणि त्यातल्या काही विसरतो. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला बंदी आहे. म्हणून जंगल साफ केलेल्या कुरणांत ही झाडं एकेकटी उभी दिसतात. फळं फारशी धरत नाहीत, पण कायदा पाळला गेलेला असतो!

गोळा करणारे झाडावर चढत नाहीत. पावसाळ्यात फळं आपोआप पडतात. दोन किलोचं फळ डोक्यात बसलं तर माणूस जागीच जाईल, म्हणून वारा असला की झाडाखाली कुणी फिरकत नाही. मग कोयत्यानं फळं फोडायची आणि बियांची गोणी पाठीवर घ्यायची. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात ही वेचणारी कुटुंबं एरवी रबराचा चीक काढत. गुरंवाल्या जमीनदारांची माणसं करवती घेऊन आली, तेव्हा ही कुटुंबं बायकामुलांसह वाट अडवून उभी राहिली. त्यांचे पुढारी शिको मेंदेस यांचा 22 डिसेंबर 1988 रोजी शापुरीत खून झाला. 1990 मध्ये त्यांच्या नावानं सुमारे 10 लाख हेक्टरचं राखीव क्षेत्र झालं: जमीन सरकारची, वापराचा हक्क रहिवाशांचा. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला असा सामूहिक वनहक्क मिळाला तो 2009 मध्ये.

पण पाकिटावर ‘जंगल वाचवणारा मेवा’ असं छापलेलं दिसलं की मी जरा सावध होतो. मेंदेस यांच्या नावाच्या त्या क्षेत्रातही आज गुरांसाठी झाडं पडतात. कारण साधं आहे. बियांचे पैसे वर्षातून एकदाच येतात. घरात आजारपण आलं तर गाय कधीही विकता येते. शिवाय 2003 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की, जिथे वर्षानुवर्षं भरमसाट बिया वेचल्या गेल्या, तिथे तरुण झाडं जवळपास उरलीच नव्हती. ही झाडं शतकानुशतकं जगतात, त्यामुळे गोणी भरत राहते आणि तुटवडा कुणाला जाणवत नाही. पुढच्या काही अभ्यासांत मात्र लोकांनी पड टाकलेल्या शेतांत भरपूर रोपं सापडली. अगूती तिथे बिया पुरतो आणि रोपांना ऊनही मिळतं. म्हणजे ज्या वेचणाऱ्यांकडे बोट दाखवायचं, त्यांच्याच शेतात पुढची पिढी वाढत होती.

तुमच्यातले काही जण उद्या सह्याद्रीत हिरडा-कोकम वेचणीचे आराखडे कराल. किती टन निघेल, हे वरिष्ठ लगेच विचारतील. त्याआधी गुडघ्याएवढी रोपं मोजा. मोजायला वेचणाऱ्या बायाबापड्यांनाच घ्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या.