भेट आलेलें पिल्लूं



आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. मला कुत्रें नको होतें. पुढें मी जें सांगणार आहें तें ऐकून 'या गृहस्थांना मुक्या प्राण्यांचा फार कळवळा दिसतो' असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. उभा जन्म शाळेंत मुलांना वळण लावण्यांत गेला. निवृत्तीनंतर आणखी कोणाला वळण लावण्याची हौस उरली नव्हती. सकाळीं पर्वतीपर्यंत फिरून यावें, दुपारीं वाचनालयांत वर्तमानपत्रें चाळावीं, आणि सायंकाळीं चार समवयस्कांसह देवळाच्या पायरीवर बसून देशाचा कारभार चालवावा, असा माझा आयुष्यक्रम सुरळीत चालला होता.

त्यांत माझा चौसष्टावा वाढदिवस आला. सायंकाळीं मुलगी आणि जांवई एक झांकलेली टोपली घेऊन आलीं. 'बाबा, डोळे मिटा पाहूं,' जांवई म्हणाले. दिवस वैशाखाचे होते. टोपलींत हापूस असावा अशा खात्रीनें मीं डोळे मिटून हात पुढें केला. आंब्यानें माझें बोट चाटलें.

डोळे उघडून पाहतों तों बिस्किटी रंगाचें, वळलेल्या मुठीएवढ्या डोक्याचें एक पिल्लूं. लॅब्रॅडॉर जातीचें, दोन महिन्यांचें, असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. मुलगा परदेशीं गेल्यापासून घर ओकें ओकें वाटत असेल, सासूसासऱ्यांना कांहीं विरंगुळा असावा, या सद्भावनेनें जांवयांनीं तें आणलें होतें. सद्भावना इतकी उघड दिसत होती कीं नाहीं म्हणण्याची सोयच राहिली नाहीं. त्यांतून जांवयानें दिलेली वस्तु! सासऱ्यानें जांवयाला द्यावें ही रीत; जांवयानें होऊन दिलें तर तें परत करायचें कोणत्या तोंडानें? पाहुणे गेले. पिल्लानें माझ्या धोतराचा सोगा तोंडांत धरला, आणि रात्रीं साडेनऊपासून जें रडूं लागलें तें दोन वाजेपर्यंत.

फुकट मिळालेल्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपण म्हणतों. पिल्लाचे मात्र अवश्य मोजावे, हें मला दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यांकडे कळलें. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दांत एकंदर २८ येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास ते फुटूं लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास सगळे दिसूं लागतात. आमच्या पाहुण्याच्या दाढा नुकत्या कोठें हिरड्यांतून डोकावत होत्या. 'पांच आठवडे, फार तर सहा,' पशुवैद्य म्हणाले. आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकूं नये असा नियम भारत सरकारनें २०१७ सालीं केलेला आहे. पण विकणाऱ्यास तो सोयीचा नाहीं, आणि घेणाऱ्यास ठाऊक नाहीं.

हा नियम कोणाच्या लहरींतून निघालेला नाहीं. स्कॉट आणि फुलर या दोघां अमेरिकन संशोधकांनीं पिल्लांच्या वर्तनाचा कित्येक वर्षें अभ्यास करून १९६५ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लूं जें शिकतें त्यावर त्याचा पुढचा स्वभाव बराचसा बेतला जातो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भावंडाला जोरानें चावलें कीं तें किंचाळतें, खेळ मोडतें. त्यावरून पिल्लाला आपल्या दांतांची धार समजते. म्हणजे आमच्या पिल्लाची शाळा पहिल्या इयत्तेच्या मध्यावरच सुटली होती. मास्तराच्या जिवाला हें लागायचेंच.

आणखी एक गोष्ट त्या दिवशीं कळली. आदल्या रात्रीं आमच्या घरांतून पिल्लाला गाईचें दूध पाजण्यांत आलें होतें, आणि वाढदिवसाचा शिरा बेदाण्यांसकट देण्याची तयारी चालली होती. तो वेळेवर राहिला हें दैवच. द्राक्षें, मनुका, बेदाणे हे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरूं शकतात. कांदाही त्याला वर्ज्य. कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश आणि प्रथिनें गाईच्या दुधाहून पुष्कळ अधिक असतात, दुग्धशर्करा कमी असते. म्हणून गाईच्या दुधानें पिल्लाला हगवण लागते. ती लागलेलीच होती. 'पार्व्हो' नांवाच्या ज्या रोगानें १९७८ पासून जगभर असंख्य पिल्लें गेलीं, त्याची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांस द्यायची, पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळाव्या आठवड्यापर्यंत ती पुनःपुन्हां द्यायची, तीन महिन्यांस पिसाळरोगाची वेगळी. आणि तोंवर पिल्लाला रस्त्यावर उतरवायचें नाहीं. आम्ही राहतों तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाहीं. सौ.चे गुडघे जिना चढतांना रोज देवाचें नांव घेतात.

त्या रात्रीं मीं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. लॅब्रॅडॉर हा मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा कुत्रा. थंड पाण्यांत उडी टाकून जाळीं ओढायचा. दोन खोल्यांत लोळत पडण्यासाठीं त्याचा जन्म नाहीं. पुरा वाढला कीं वजन २५ ते ३५ किलो, आयुष्य दहा-बारा वर्षें. तो बारा वर्षांचा होईल तेव्हां मी शहात्तर वर्षांचा. त्याला साखळीनें आवरणारा शहात्तर वर्षांचा म्हातारा मला डोळ्यांसमोर आणतां येईना. गणित सुटलें: पिल्लूं दुसरीकडे द्यायचें. सौ.ना मीं तें उत्तर वाचून दाखविलें. त्या भांडीं लावीत होत्या. कांहीं बोलल्या नाहींत. मीं त्याचा अर्थ संमति असा केला.

द्यायचें म्हणजे काय, याविषयीं देवळाच्या पायरीवर सल्ल्यांची कमतरता नव्हती. 'मंडईंत नेऊन सोडा, कोणीतरी खायला घालील,' हा बहुमताचा ठराव. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध १९६० सालीं जो कायदा झाला, त्याप्रमाणें जनावराला उपासमार घडेल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यांत दंड ठेवला तो किमान १० रुपये, कमाल ५० रुपये! एवढ्या दंडाला पुण्यांत कोण भितो? मला अडविलें तें कायद्यानें नव्हे. महाप्रस्थानाच्या वाटेवर शेवटपर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून युधिष्ठिर इंद्राच्या रथांत चढत नाहीं, ही कथा मीं कितीतरी वर्गांना सांगितली होती, आणि दर वेळीं माझा स्वतःचा गळा दाटून आला होता. ती सांगणाऱ्यानें पिशवींत पिल्लूं घालून मंडईची वाट धरावी हें जरा जड होतें.

मंडईंत सोडलें नाहीं, पण जें केलें तें त्याहून फार वेगळें नव्हतें. ओळखीच्या एकांच्या ओळखीचे एक गृहस्थ मोटारींतून आले. शहराबाहेर त्यांचें मोठें गोदाम होतें, राखणीला कुत्रा हवा होता. त्यांनीं जातीची तारीफ केली, चहा घेतला, आणि पाव तासांत मीं पिल्लूं त्यांच्या हवालीं केलें. नमस्कार करून खालीं सोडायलाही गेलों. विद्यार्थ्यांच्या वह्या मीं याहून अधिक बारकाईनें तपासल्या आहेत.

आठव्या दिवशीं मनाला चैन पडेना म्हणून बस बदलीत त्या गोदामावर गेलों. दुपारचे दोन वाजले होते. पत्र्याच्या आडोशाला हातभर सुतळीनें पिल्लूं बांधलेलें, पाण्याचें भांडें कलंडून कोरडें पडलेलें, मानेखालीं सुतळीनें कातडें सोललेलें. मला पाहून तें भुंकलें नाहीं, उठलेंही नाहीं. नुसती शेपटी एकदां जमिनीवर आपटली. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, हें मला सांगितलेंच पाहिजे. कुत्रा असाच ठेवायचा असतो, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी रागावून बोलूं लागलों तेव्हां ते शांतपणें म्हणाले, 'मास्तर, तुम्हींच दिलंत ना?' यावर उत्तर नव्हतें. पिल्लूं कडेला घेऊन मी परत आलों. बसच्या वाहकानें दोनदां माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं विचारलें नाहीं.

मग मात्र कामाला लागलों. पशुवैद्यांच्या दवाखान्यांतल्या फळ्यावर एक कागद लावला. त्यांत गुण लिहिले नाहींत, दोष लिहिले. रात्रीं रडतें. चपला कुरतडतें, आतांपर्यंत दोन जोड. घरांत घाण करतें, आणखी कांहीं आठवडे करील. पुढें फार मोठें होईल. खर्च करावा लागेल. दोष वाचूनही जो येईल तोच खरा, असा माझा अंदाज होता, आणि तो बऱ्याच अंशीं खरा ठरला. तरी नको ते येतच होते. एका खोलींत तिघे राहणारे विद्यार्थी आले. सुटीत पिल्लूं कोठें, हें त्यांच्या मनांतच आलें नव्हतें. एका सद्गृहस्थांनीं पहिल्या वाक्यांतच 'हिला पिलीं केव्हां होतील?' असें विचारलें. त्यांना पाणी देऊन वाटेला लावलें. एक जोडपें फार भलें होतें. त्यांना मुलाच्या वाढदिवसाला पिल्लूं हवें होतें, परंतु त्याला आधीं सांगायचें नव्हतें. पुन्हां टोपली, पुन्हां मिटलेले डोळे! मी हात जोडले. इंग्लंडांत कुत्र्यांच्या कैवारासाठीं १८९१ सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेला नाताळांत भेट दिलेल्या आणि पुढें नकोशा झालेल्या पिल्लांसाठीं १९७८ सालीं एक मोहीमच काढावी लागली. कुत्रें हें सणापुरतें नसून जन्मभराचें असतें, एवढेंच लोकांच्या मनावर ठसवायचें होतें. आपल्याकडे तर सण त्यांच्याहून जास्त.

शेवटीं माझा एक जुना विद्यार्थी आला. सासवडच्या बाजूला त्याची रोपवाटिका आहे. वर्गांत तो शेवटच्या बाकावर बसे, आणि मला त्याच्याविषयीं फारशी आशा नव्हती. तो आईला घेऊन आला होता. इतर सर्वांनीं मला पिल्लाची जात आणि किंमत विचारली होती. ही बाई जमिनीवर बसली आणि म्हणाली, 'गुरुजी, हें निजतं कुठं? ढग गडगडले की भितं का? मानेला काय झालं याच्या?' मीं प्रश्नपत्रिका काढून ठेवली होती. ती घडी करून खिशांत टाकली.

तरी या वेळीं मी जाऊन पाहून आलों. कुंपण होतें, सावली होती, पाण्याचा हौद होता, आणि एक वयस्क गांवठी कुत्री होती. तिनें पिल्लाला हुंगलें, एकदां गुरकावून जागा दाखविली आणि मग जवळ येऊं दिलें. राहून गेलेली पहिली इयत्ता पुरी होण्याची सोय दिसली. पंधरा दिवस पाहायचें असें ठरलें. अट एकच घातली: जमलें नाहीं तर पिल्लूं माझ्याकडेच परत आणायचें, तिसऱ्याकडे द्यायचें नाहीं. लसींचें कार्ड, खाण्याचें टिपण आणि आमच्या वासाचें एक जुनें फडकें बरोबर दिलें.

जांवयांना सांगण्याचें काम उरलें होतें. पत्राचे तीन मसुदे फाडले आणि स्वतःच गेलों. गोदामाची हकीकतही लपविली नाहीं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'बाबा, मीं आधीं एकदां विचारायला हवं होतं.' मीं मोठ्या उदारपणानें 'जाऊं द्या' म्हटलें आणि घरीं आलों.

घरीं सौ. पिल्लाची वाटी घासून पुसून फळीवर ठेवीत होत्या. ती वाटी आतां आपल्याला कशाला, असें मीं म्हटलें. तेव्हां त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, 'ठकी म्हणत होतें मी तिला.' या नांवाचा मला पत्ताच नव्हता. पुढें हळूहळू कळलें. तें गोदामावर गेलें त्या आठवड्यांत यांनीं एक वेळच जेवण घेतलें होतें. मी समजलों उपास असेल. दुपारीं मी वाचनालयांत असे तेव्हां पिल्लूं यांच्या पदरावर निजत असे. 'मग बोलला कां नाहींत?' मीं विचारलें. 'तुम्हीं हिशेब वाचून दाखवलात, विचारलं कुठं?' त्या म्हणाल्या. आणि लगेच, 'माझ्यानं जिना झाला नसता, तें खरंच आहे,' असेंही म्हणाल्या.

आतां महिन्यांतून एका रविवारीं आम्ही दोघें सासवडच्या बसनें जातों. ठकी अठ्ठावीस किलोंची झाली आहे. फाटक उघडलें कीं ती धांवत येते, माझ्या बाजूनें निघून जाते, आणि सौ.च्या पुढ्यांत जाऊन लोळण घेते. सौ.च्या पिशवींत ती घासलेली वाटी असते.