मालमोटारींची देखभाल आणि संगणकीय नोंदवही
(इंद्रलोक, भाईंदर पूर्व येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जेथे जमलो आहोत त्या इंद्रलोकपासून काशिमीऱ्याचा राष्ट्रीय महामार्ग फार दूर नाही. भाईंदर पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचा माल त्याच वाटेने बाहेर पडतो. माल वाहणाऱ्या कित्येक गाड्यांचे मालक एकदोन गाड्यांचेच धनी असतात. गाडी चार दिवस गॅरेजात पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून देखभाल हा एकट्या मिस्त्रीचा नव्हे, तर घरसंसाराचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्राला ताफ्याची शिस्त नवी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. गाडीगणिक किलोमीटर, डिझेल व टायर यांचा हिशेब आगारांत कागदावर ठेवला जात असे. संगणकाने नवे तत्त्व आणले असे नाही. त्याने तो हिशेब लहान मालकाच्याही हाती दिला.

या प्रणालीत प्रत्येक गाडीचे एक खाते असते. त्यात डिझेल, ऑइल, ब्रेक लायनर, टायर, टोल आणि गॅरेजचे बिल नोंदले की दर किलोमीटरचा खर्च आपोआप निघतो. उदाहरणार्थ, महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर ७५० लिटर डिझेल लागते. तीच साडेतीनवर आली, तर सुमारे ८५७ लिटर. हे शंभरावर लिटर एअर फिल्टर तुंबल्याने, ब्रेक घासत राहिल्याने की टायरमध्ये हवा कमी असल्याने गेले, ते मिस्त्री सांगेल. पण गेले, हे नोंदच सांगते. मात्र प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा लिहिला पाहिजे. अर्ध्या टाकीवर काढलेले ॲव्हरेज चालकावर अकारण संशय आणते. असे संशय मी पाहिले आहेत आणि त्यांनी चांगली माणसे दुरावली आहेत. चालकालाही त्याच्या गाडीचे खाते दाखवावे.

तारखांची आठवण हा दुसरा मोठा उपयोग. आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी वाहनास दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते. विमा, परमिट व पीयूसी यांच्या मुदती वेगळ्याच. केंद्राच्या 'वाहन' प्रणालीत या तारखा पाहता येतात. ब्रेक लायनर कधी बदलले, हे मात्र तेथे सापडणार नाही, आणि घोडबंदरच्या उतारावर त्याचेच महत्त्व अधिक.

पंचायत सदस्यांनी हे केवळ व्यापाऱ्यांचे काम समजू नये. कचरागाडी, पाण्याचा टँकर, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका यांची नोंदवही कार्यालयात असतेच. बहुधा ती लेखापरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात भरली जाते! रुग्णवाहिका नेमकी रात्री बंद पडते, तेव्हा त्या नोंदवहीचा उपयोग कोणाला?

आरंभी महागडी प्रणाली विकत घेण्याची घाई नको. दोनतीन गाड्यांना संगणकावरील साधा तक्ता पुरेसा आहे. गाडीचा क्रमांक, तारीख, मीटरचा आकडा, काम, सुटा भाग व रक्कम, एवढे सहा रकाने करावेत आणि गाडी परत येईल त्याच संध्याकाळी, बिल हरवण्यापूर्वी, ते भरावेत. तीन महिन्यांच्या नोंदी साठल्यावर कोणती प्रणाली घ्यावी याचा विचार करता येईल.